बँकेच्या पत्त्यातलं एक टिंब: डॉट इन नावांची वही कोण सांभाळतं?

ऑक्टोबर २०२५ चा शेवटचा आठवडा. नागपूरच्या धरमपेठेत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू सकाळीच मोबाइल घेऊन दारात उभ्या. निवृत्त शिक्षिका आहेत, पेन्शन बँकेत जमा होते आणि फसवणुकीच्या बातम्या रोज पेपरात वाचतात.

"बघ न बेटा, बँकेचा पत्ता बदलून राहिला म्हणते हा मेसेज. आधी डॉट कॉम होतं, आता डॉट बँक डॉट इन लिहून राहिले. दाबू का नको?"

मी म्हटलं, काकू, मेसेजमधल्या लिंकला हात लावू नका, पण बातमी खरी आहे. रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ ला पतधोरण मांडताना जाहीर केलं, की देशातल्या बँकांनी आपले वेबपत्ते डॉट बँक डॉट इन या शेवटावर न्यायचे. एप्रिलमध्ये परिपत्रक निघालं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही शेवटची तारीख ठरली.

काकूंचा पुढचा प्रश्न मला फार आवडला. "पण हे डॉट इन आहे तरी कोणाचं? देते कोण ही नावं? अन् बँकेलाच दिलं, चोराला दिलं नाही, हे पाहते कोण?"

हा लेख त्या प्रश्नासाठी.

## पत्ता शेवटून वाचायचा

आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, टपालाची छाननी करणारा माणूस पाकिटावरचं नाव आधी वाचत नाही. तो खालची ओळ बघतो. पिनकोड ४४ ने सुरू होतो ना, मग विदर्भाच्या थैलीत. गल्ली, घर नंबर आणि "यांस" नंतरचं नाव वाचायचं काम शेवटी पोस्टमनचं. वेबपत्त्याचंही असंच आहे. आपण डावीकडून वाचतो, यंत्र उजवीकडून.

संगणकांना एकमेकांची नावं कळत नाहीत, आकडे कळतात. नावावरून आकडा शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. ती नव्हती तेव्हा साऱ्या जगाची नावं एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत ती फाइल सांभाळली जाई आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. यंत्रं वाढली तशी ती फाइल आवरेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी सुचवलेला उपाय साधा होता: एक मोठी वही नको, प्रत्येकाने आपापल्या हद्दीची वही ठेवावी आणि वरच्याला फक्त "खालची वही कोणाकडे आहे" एवढंच माहीत असावं.

समजा 'अबक' नावाची बँक आहे आणि तिचा पत्ता अबक.बँक.इन आहे. (प्रत्यक्षात ही अक्षरं रोमन असतात, समजायला सोपं जावं म्हणून इथे देवनागरीत लिहितो.) काकूंच्या फोनकडून विचारणा निघते ती आधी जगाच्या मुळाशी जाते. तिथल्या यंत्राला अबक बँक माहीतच नाही. ते म्हणतं, "'इन'ची वही भारताकडे आहे, या यंत्रांना विचार." डॉट इनची यंत्रं सांगतात, अबक बँकेचा हिशेब अमक्या यंत्राकडे आहे. ते यंत्र शेवटी आकडा देतं आणि पान उघडतं. डोळ्याची पापणी लवेपर्यंत हे सारं होऊन जातं, शिवाय एकदा मिळालेलं उत्तर काही काळ लक्षात ठेवलं जातं, म्हणून रोज एवढी पायपीट होत नाही.

यातली डॉट इनची वही म्हणजे आपला विषय. ती सांभाळणाऱ्या संस्थेला रजिस्ट्री म्हणतात. तिच्याकडे ना वेबसाइट असते, ना काकूंच्या खात्यातला पैसा. तिच्याकडे फक्त नोंद असते: हे नाव कोणाचं, कधीपर्यंत, आणि पुढे कोणाला विचारायचं.

## विकत घेतलं म्हणता, पण पट्ट्यावर आहे

नागपूरकराला ही गोष्ट नझूलच्या जमिनीवरून पटकन कळेल. घर आपलं, पण जमीन सरकारची, ३० वर्षांच्या पट्ट्यावर. मुदत संपली की नूतनीकरण, नाहीतर नोटीस. डॉट इन नाव असंच पट्ट्यावर मिळतं, एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत. फरक एवढाच, की नझूलचा प्लॉट रक्कम भरून मालकी हक्काचा करून घ्यायची सोय सरकारने दिली. नावाला तशी सोय नाही. कितीही पैसे मोजा, नाव कायमचं तुमचं होत नाही.

पट्टा द्यायला रजिस्ट्री स्वतः खिडकीवर बसत नाही. तिने मान्यता दिलेले विक्रेते असतात, त्यांना रजिस्ट्रार म्हणतात. रजिस्ट्री घाऊक दर ठरवते, रजिस्ट्रार आपला नफा धरून आपल्याला नाव देतो. पहिलं वर्ष स्वस्त आणि नूतनीकरण महाग, हा खेळ त्या दुकानात चालतो. पण वहीत ज्याची नोंद आहे, नाव त्याचं. दुकानाची पावती कोणाच्या खिशात आहे याला काही किंमत नाही.

हे मी इतवारीत फार जवळून पाहिलं. ओळखीच्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्यासाठी (आम्ही त्यांना भाऊ म्हणतो) एका होतकरू मुलाने वेबसाइट केली. पैसे भाऊंनी दिले, पण नोंद करताना मुलाने घाईत स्वतःचा ईमेल, स्वतःचा मोबाइल टाकला. पुढे तो नोकरीला हैदराबादला गेला, नंबर बदलला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिल्या आणि कोणी पाहिल्या नाहीत. ऐन मार्चमध्ये, मिरची-हळदीच्या दिवसांत, साइट गेली. साइटचं दुःख भाऊंना नव्हतंच. त्याच नावावरचे ईमेल बंद पडले, आणि गोंदिया-छिंदवाड्याच्या दुकानदारांच्या ऑर्डरी त्यावर येत होत्या. "पैसे मी देऊन राहिलो बारा वर्षांपासून, मग नाव त्याचं कसं?" हा त्यांचा सवाल मला अजून ऐकू येतो.

मुलाचे काका नागपूरच्याच महाल भागात राहतात, त्यांच्यामार्फत तो सापडला आणि दंड भरून नाव परत मिळालं. ते मिळालं कारण मुदत संपल्याबरोबर नाव दुसऱ्याला दिलं जात नाही. आधी काही दिवस नेहमीच्या दराने, मग ३० दिवस दंडासह ते जुन्या धारकालाच सोडवून घेता येतं, त्यानंतर ५ दिवस कुलूपबंद, आणि मगच सगळ्यांना खुलं. आणखी महिनाभर उशीर झाला असता तर ते नाव जगात कोणीही उचललं असतं. म्हणून माझी कळकळीची विनंती: दुकान, शाळा, दवाखाना, मंडळ, ज्यांचं कोणाचं नाव आहे त्यांनी नोंदीतला ईमेल कोणाचा आहे हे आजच बघा.

## मुंबईतल्या वहीपासून ४० लाख नावांपर्यंत

डॉट इन भारताच्या वाट्याला आलं ८ मे १९८९ ला. ही दोन अक्षरं कोणी आवडीने निवडली नाहीत. देशांच्या दोन अक्षरी संक्षेपांची एक आंतरराष्ट्रीय यादी आधीच होती, इंटरनेटवाल्यांनी तीच उचलली. हे काम पाहणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी १९९४ मध्ये त्याचं कारणही लिहून ठेवलं: कोणता भूभाग देश आहे आणि कोणता नाही, हे ठरवायचा धंदा आमचा नाही. त्याच टिपणात त्यांनी नाव सांभाळणाऱ्याला विश्वस्त म्हटलं. मालक नव्हे, विश्वस्त. मला तो शब्द या सगळ्या विषयाचा कणा वाटतो.

सुरुवातीला आपली वही मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संगणक संशोधन संस्थेकडे होती, शिक्षणसंस्थांच्या नावांचं काम अर्नेट या शिक्षण-संशोधनाच्या सरकारी नेटवर्ककडे. नियम कडक होते. २००४ संपेपर्यंत सगळ्या देशाची मिळून डॉट इन नावं भरली जेमतेम ७ हजार. तोवर भारतीय कंपन्या डॉट कॉमकडे वळल्या, म्हणजे आपल्या नावांचं भाडं बाहेर जात राहिलं.

२००५ मध्ये दार उघडलं. वही निक्सीकडे आली. निक्सी म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, २००३ मध्ये स्थापन झालेली ना-नफा कंपनी. जानेवारीत ट्रेडमार्कधारकांना आधी संधी मिळाली, फेब्रुवारीत सर्वांना. मान्यताप्राप्त विक्रेते नेमले गेले आणि आता नावं ४० लाखांच्या पुढे गेली आहेत. सरकारी डॉट गव्ह डॉट इन एनआयसी या सरकारच्या संगणक केंद्राकडे आणि विद्यापीठांचं डॉट एसी डॉट इन अर्नेटकडे, हे गट मात्र राखीवच राहिले.

## मग हे सरकारी खातं आहे का?

नाही, पण सरकारच्या छायेत आहे. निक्सी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत चालते. सगळीकडे असंच आहे असं नाही. जर्मनीची वही डेनिक ही फ्रँकफुर्टची सहकारी संस्था सांभाळते. आपल्या जिल्हा दूध संघासारखे तिचे सभासद असतात. ब्रिटनची वही नॉमिनेट या ना-नफा कंपनीकडे आहे, आणि २०२१ मध्ये तिथल्या सभासदांनी विशेष सभा बोलावून मतदानाने अध्यक्षासकट काही संचालकांना घरी पाठवलं. छोट्या तुवालू देशाला डॉट टीव्ही मिळालं, ते टीव्हीवाले भाड्याने घेतात. अँग्विला या बेटाला डॉट एआय मिळालं, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आल्यापासून त्यांच्या सरकारी तिजोरीत त्यातून मोठी भर पडते.

आपल्याकडच्या व्यवस्थेवर एक आक्षेप मी अनेकदा ऐकला: वही भारताची, मग यंत्रणा परदेशी कंपनीकडे का? आक्षेप रास्त आहे. धोरण निक्सी ठरवते, पण नोंदींची तांत्रिक यंत्रणा चालवायला निविदा काढून कंपनी नेमली जाते. २००५ पासून अफिलियास होती. २०१८ मध्ये न्यूस्टारची निवड झाली आणि २० लाखांहून अधिक नावं एका यंत्रणेतून दुसरीत हलवली गेली. २०२० मध्ये न्यूस्टारचा हा धंदाच गोडॅडीने घेतला. २०२४ मध्ये कॅनडाच्या टुकाउजची निवड झाली.

ठेकेदार बदलता येतो, ही या पद्धतीची जमेची बाजू. तलाठी बदलला तरी सातबारा राहतो, तसं. पण यातल्या काही कंपन्यांची स्वतःची नावं विकायची दुकानंही आहेत. वही सांभाळणारा आणि दुकान चालवणारा एकाच घरातले असले तर मधली भिंत पक्की हवी, आणि ती पक्की आहे हे निक्सीने दाखवत राहायला हवं. हे काम भारतीय कंपनीने करावं असं मलाही मनापासून वाटतं. पण ते अवघड किती आहे हे स्वीडनच्या एका रात्रीवरून कळतं.

## एक टिंब विसरलं तर

१२ ऑक्टोबर २००९. स्वीडनची डॉट एसई रजिस्ट्री ठरलेल्या वेळी देखभालीचं काम करत होती. नवी यादी तयार करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक चूक राहिली: प्रत्येक नोंदीच्या शेवटी यायला हवं ते टिंब आलं नाही.

त्या टिंबाचं काम असं. आपण लिहीत नाही, पण प्रत्येक वेबपत्त्याच्या अगदी शेवटी एक टिंब असतं. त्याचा अर्थ "इथे पत्ता पूर्ण झाला, याच्या वर मूळच". ते नसेल तर यंत्र समजतं की पत्ता अर्धवट आहे, आणि आपल्या हद्दीचं नाव पुन्हा जोडतं. म्हणजे "अबक.एसई" चं होतं "अबक.एसई.एसई". असा पत्ताच अस्तित्वात नाही.

त्या वेळी डॉट एसईवर सुमारे ९ लाख नावं होती. वेबसाइट, ईमेल, सगळ्यांचा रस्ता एकदम हरवला. चूक तासाभरात सुधारली गेली, पण जगभरच्या यंत्रांनी चुकीचं उत्तर लक्षात ठेवलं होतं, ते पुसलं जायला आणखी वेळ लागला. स्वीडनमधले सर्व्हर व्यवस्थित सुरू होते, इमारती जागेवर होत्या, नुसती पाटी हरवली होती.

रजिस्ट्रीचं रोजचं काम बाहेरून कंटाळवाणं दिसतं ते यामुळेच. यादीची प्रत वेगवेगळ्या शहरांत आणि देशांत ठेवायची, नवी यादी आधी तपासायची, यादीवर डिजिटल सही करायची म्हणजे मधल्या मध्ये कोणी खोटं उत्तर घुसवू नये. दिवस नीट गेला तर त्याची बातमी होत नाही.

## डॉट बँक डॉट इनमध्ये मग वेगळं काय?

आता काकूंच्या तिसऱ्या प्रश्नाकडे. ही दोन नावं बघा:

अबकबँक.इन
अबक.बँक.इन

फरक एका टिंबाचा. पहिलं नाव मोकळं असेल तर कोणीही, अगदी कोणीही, काही शे रुपयांत घेऊ शकतो. "तू बँक आहेस का" असं त्याला कोणी विचारणार नाही. दुसऱ्या नावात 'बँक' हा शब्द टिंबानंतर येतो, म्हणजे त्याची वेगळी हद्द आहे. त्या हद्दीत नाव द्यायचा अधिकार एकाच विक्रेत्याला आहे: हैदराबादची आयडीआरबीटी, म्हणजे रिझर्व्ह बँकेनेच १९९६ मध्ये उभी केलेली बँकिंग तंत्रज्ञानाची संस्था. तिथे दाखल व्हायला बँकच असावं लागतं. बँका नसलेल्या वित्तसंस्थांसाठी डॉट फिन डॉट इन हा वेगळा शेवट ठेवला आहे.

म्हणून वाचायचं उजवीकडून. सुरुवातीचं https:// सोडा, त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा भाग घ्या आणि शेवटापासून मागे या. 'इन', टिंब, 'बँक', टिंब, मग बँकेचं नाव. चोर काय करतात, तर अबक.बँक.इन.खातेतपासा.कॉम असा लांबलचक पत्ता पाठवतात. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर सुरुवातीचा भाग तेवढा दिसतो. पण शेवट आहे 'कॉम', आणि त्याच्या आधी 'खातेतपासा'. बँकेशी त्याचा काडीचा संबंध नाही. आडवी रेघ घालून अबक-बँक-इन.कॉम केलं तरी तेच. पत्त्याजवळच्या कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नका. ते कुलूप एवढंच सांगतं की मधलं संभाषण कोणी ऐकत नाही, समोर कोण बसलंय हे सांगत नाही.

## याने फसवणूक थांबेल का?

थांबणार नाही. खोट्या वेबसाइटचा एक रस्ता अरुंद होईल, आणि ते थोडं नाही. पण फोनवर ओटीपी मागणारा, व्हॉट्सॲपवर चलानाच्या नावाने एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप घुसवणारी फाइल, पाठवणारा, "डिजिटल अटक" म्हणून धमकावणारा, यांना वेबपत्ता लागतच नाही. वहीचा उपयोग तेवढाच, जेवढे लोक ती वाचतात. बँकांनी नवा पत्ता घेतला, पण किती शाखांत मराठीतून, मोठ्या अक्षरात पाटी लागली? पेन्शनरांच्या रांगेत पाच मिनिटं कोणी समजावून सांगितलं? माझा आग्रह तिथे आहे.

## नावावरून भांडण झालं तर?

सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये 'सिफी' आणि 'सिफ्फी' या सारख्या वाटणाऱ्या वेबनावांच्या खटल्यात स्पष्ट केलं, की वेबनावालाही व्यापारी नावासारखं संरक्षण आहे. डॉट इनसाठी २००५ पासून वेगळी लवादाची पद्धत आहे. तक्रारदाराने दाखवायचं, की नाव आपल्या नावाशी गोंधळ होईल इतकं सारखं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याचा हेतू वाईट आहे. पटलं तर लवाद नाव रद्द करतो किंवा तक्रारदाराला देतो. दिवाणी कोर्टाच्या मानाने हे लवकर होतं.

न्यायालयाच्या आदेशाने रजिस्ट्री नाव थांबवूही शकते. पण तेव्हा फक्त पाटी निघते, आतला मजकूर ज्या सर्व्हरवर आहे तिथे तसाच राहतो आणि दुसऱ्या पाटीने पुन्हा दिसू शकतो. हद्दीचे नियम बदलले तरी नाव जातं: ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला तेव्हा तिथल्या हजारो लोकांची डॉट ईयू नावं २०२१ च्या सुरुवातीला थांबवली गेली. पट्टा तो पट्टाच.

## आणि मराठीत पत्ता?

देवनागरीतलं डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं, मराठीसकट. आज २२ अनुसूचित भाषांसाठी वेगवेगळ्या लिप्यांत असे १५ शेवट आहेत. तरी सीताबर्डीच्या मेन रोडवर चालत जा, दुकानांच्या पाट्या मराठीत आणि खाली वेबपत्ता रोमन अक्षरांत.

यामागे खरीखुरी अडचण आहे. डीएनएसला मुळात रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच कळतं. म्हणून 'भारत' हा शब्द आतल्या आत एक्स, एन, दोन आडव्या रेघा, मग एच, २, बी, आर, जे, ९, सी असा होऊन जातो. ब्राउझर तो पुन्हा 'भारत' करून दाखवतो. ईमेलच्या रकान्यात मात्र हाच पत्ता टाकला की अनेक फॉर्म "चुकीचा पत्ता" म्हणून परत पाठवतात.

दुसरी अडचण आपल्या लिपीच्या श्रीमंतीची. 'ख' आणि 'रव' लहान अक्षरांत सारखे दिसतात. 'ॲ' एका चिन्हाने लिहिता येतो आणि 'अ'वर चंद्र देऊनही. डोळ्याला एक, यंत्राला दोन. उलट मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल डोळ्याला दोन, यंत्राला एकच. 'दर्या' आणि 'दऱ्या' तर अर्थानेच वेगळे. यांपैकी काय एक मानायचं, काय वेगळं आणि काय नाकारायचं, हे ठरवायला भाषेचे जाणकार लागतात, संगणकवाले पुरत नाहीत. मराठी माणसाने या कामात जास्त संख्येने उतरावं अशी माझी फार इच्छा आहे, कारण 'दऱ्या'तला अर्धा र कुठे हवा हे आपल्याशिवाय कोण सांगणार?

काकूंनी त्या दिवशी चष्मा लावून बँकेचा नवा पत्ता वहीत उतरवून घेतला, उजवीकडून डावीकडे, एकेका टिंबाला थांबत. मग पासबुकावर छापलेल्या नंबरवर शाखेत फोन लावला आणि विचारलं, "तुमचा नवा पत्ता काय आहे, सांगा बरं एकेक अक्षर. मी टिक करून राहिली."